थिरथिरा आला, थंडी आली

थंडी आली हे आपण कशावरून ओळखतो? कुणी सांगेल, पेटीतल्या रजया उन्हात पडल्या की. कुणी म्हणेल, आठवडी बाजारात पेरू आणि बोरांच्या पाट्या दिसू लागल्या की. आमच्या आखाडा बाळापूर भागातला शेतकरी कदाचित हळदीच्या पिवळ्या पडणाऱ्या पानांकडे बोट दाखवील. मला मात्र थंडीची वर्दी देतो तो एक चिमणीएवढा पक्षी. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो परसातल्या भिंतीवर येऊन बसतो, दोन-तीनदा वाकून नमस्कार केल्यासारखं करतो आणि शेपटी थरथरवतो. त्याचं नावच थिरथिरा. नर वरून काळा आणि पोटाशी विटकरी, मादी मातकट. शेपटी मात्र दोघांचीही तांबूस. शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ह्याच्या शेपटीला हीव भरलंय बघा!’’ इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

गंमत अशी, की हा पाहुणा आपल्या गावचा नाही, तालुक्याचा नाही, राज्याचाही नाही. उन्हाळ्यात तो लडाख, तिबेट, मध्य आशिया अशा उंच आणि थंड मुलखात घरटं करतो. लडाखहून निघाला असं धरलं तरी हिंगोली जिल्ह्यापर्यंत सरळ रेषेत सोळाशे किलोमीटर होतात. ना तिकीट, ना आरक्षण, ना सोबतीला कुणी वाटाड्या. एवढं अंतर तोडून हा पंधरा-सोळा ग्रॅमचा जीव आपल्या गोठ्यामागच्या भिंतीवर येऊन बसतो आणि आपण त्याला ‘कुठली तरी चिमणी’ म्हणून सोडून देतो. म्हणून आज या पाहुण्यांविषयी बोलायचं ठरवलं आहे. ते कोण आहेत, का येतात, थंडीच्या दिवसांत आपल्या अंगणात-परसात का दिसतात, आणि त्यांच्या येण्या-न येण्याशी आपला काय संबंध, एवढंच.

आधी ओळखी करून घेऊ. थिरथिऱ्याच्याही आधी, सप्टेंबरच्या सुमारास येतो करडा धोबी. पाठ करडी, पोट पिवळं आणि शेपटी सारखी वरखाली. धुणं आपटल्यासारखी, म्हणून धोबी किंवा परीट. त्याच्या मागोमाग पांढरा धोबी येतो. न्हाणीचं पाणी जिथे वाहतं, हातपंपाखाली जिथे ओल असते, तिथे हे तुरुतुरु पळत किडे टिपताना दिसतील. यांचा एक थोराड भाऊबंद, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला कवड्या धोबी, हा मात्र इथलाच रहिवासी. त्याची आणि पाहुण्यांची गल्लत करू नये.

लिंबाच्या किंवा बाभळीच्या पानांत सतत काहीतरी हलतं, ‘चिप् चिप्’ असा आवाज येतो आणि पक्षी म्हणावा तर दिसत नाही. तो बहुधा वटवट्या. हिरवट-करड्या रंगाचे, सात-आठ ग्रॅम वजनाचे हे पक्षी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतात. पेरूच्या किंवा आंब्याच्या सावलीत लाल छातीचा माशीमार बसतो. शेपटी उचलली की तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात. हा तर थेट पूर्व युरोप आणि रशियाच्या जंगलांकडचा. राखी कोतवाल हिमालयाकडून उतरतो. आपल्या नेहमीच्या काळ्या कोतवालाचा तो राखाडी भाऊ, डोळे लालभडक. हळद्या काही ठिकाणी आपल्याकडेही घरटं करतो, पण थंडीत उत्तरेकडच्या हळद्यांची भर पडते. हळदीच्या जिल्ह्यात हळद्या यावा, हेही छानच!

आणि एखाद्या वर्षी नशीब असेल तर मानमोड्या. दिसायला वाळलेल्या सालीच्या तुकड्यासारखा, जमिनीवर मुंग्या खात बसलेला. जात सुतार पक्ष्याची, पण झाडावर टकटक करत नाही. धोका वाटला तर सापासारखी मान पिळतो, म्हणून हे नाव. मी त्याला मोजक्याच वेळा पाहिलं आहे, तेही कडब्याच्या गंजीजवळ.

आता प्रश्न असा, की हे येतात का? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘‘तिकडे थंडी पडते म्हणून.’’ हे अर्धंच खरं. पक्ष्याच्या अंगावर पिसांची रजई असते. थंडीत तो पिसं फुगवून बसतो तेव्हा पिसांमध्ये हवा कोंडली जाते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही. आपण गोधडीत जे करतो तेच. त्यामुळे थंडी पक्षी सोसू शकतो. त्याला सोसत नाही ती उपासमार. पक्ष्याच्या शरीराचं तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा थोडं वर असतं. चूल लहान आणि आच मोठी, अशी ही गत. सरपण सतत घालावं लागतं. तिकडे बर्फ पडला, जमीन गोठली, की किडे-अळ्या नाहीशा होतात. दिवसही लहान होतो, म्हणजे जे काही असेल ते शोधायला वेळ कमी आणि उपाशी काढायची रात्र मोठी. किड्यांवर जगणाऱ्याने मग तिथे थांबून करायचं काय? तो निघतो.

निघायचं कधी, हेही तो बर्फ पडायची वाट पाहून ठरवत नाही. दिवस लहान होऊ लागला की त्याच्या शरीरात बदल सुरू होतात. भूक वाढते, कातडीखाली चरबी साठते. काही जातींमध्ये तर प्रवासाआधी वजन दीडपट होतं. हीच त्याची शिदोरी. थिरथिरा, वटवट्या असे लहान पक्षी बहुधा रात्री उडतात. हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. वाट काढायला सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व, या सगळ्यांचा उपयोग पक्षी करतात, हे अनेक प्रयोगांतून दिसलं आहे.

कुठला पक्षी कुठे जातो, हे माणसाला कळलं कसं? पायात कडं घालून. हलक्या धातूच्या कड्यावर क्रमांक आणि पत्ता असतो. कडं घातलेला पक्षी दुसरीकडे कुणाला सापडला, त्याने कळवलं, की प्रवासाचं एक टोक दुसऱ्याला जोडलं जातं. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर केलं ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून पक्षी स्थलांतराचा प्रकल्प चालवला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली होती. कारणही पाहण्यासारखं आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडांत आणि माणसांत एक नवा ताप आढळला होता आणि त्याचा विषाणू पक्ष्यांवरच्या गोचिडांबरोबर दूरदेशाहून आला काय, अशी शंका होती. म्हणजे पक्ष्यांची वाट शोधायला निघालो ते माणसाच्या काळजीपोटी. पुढे उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं आली आणि पट्टेरी हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षाही उंचावर जातात, हे आकड्यानिशी सिद्ध झालं. हे हंस मराठवाड्यातही येतात. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर थंडीत ते पाहायला मिळतात.

पण आपला विषय अंगणातला आहे. युरोपात कडाक्याची थंडी पडली की एरवी रानात आणि शेतात राहणारे पक्षी गावातल्या बागांत शिरतात. ब्रिटनमध्ये बर्फाने शेतं झाकली की फिल्डफेअर, रेडविंग असे कस्तुराच्या जातीचे पक्षी घरामागच्या बागेत पडलेली सफरचंदं खायला येतात. उत्तरेकडच्या जंगलात फळं कमी धरली, तर वॅक्सविंग नावाचे तुरेवाले पक्षी थव्याने शहरात उतरतात. तिथली माणसं दाणे, चरबीचे गोळे टांगून ठेवतात. त्याच देशात १९७९ पासून दरवर्षी जानेवारीअखेर घरच्या बागेतले पक्षी मोजण्याचा उपक्रम चालतो आणि लाखो माणसं त्यात भाग घेतात.

आपल्याकडे बर्फ नाही. पण मराठवाड्याच्या थंडीला कमी लेखू नका. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. अशा पहाटे किडे उडत नाहीत. थंड रक्ताचे जीव, ऊन लागल्याशिवाय त्यांना हालचाल जमत नाही. मग किडे खाणाऱ्या पाहुण्याने न्याहारीला जायचं कुठे? जिथे ऊब आहे तिथे. शेणखताचा उकिरडा आतून कुजत असतो, त्याला ऊब असते, म्हणून तिथे माश्या आणि अळ्या असतात. गोठ्यात जनावरांची ऊब आणि त्यांच्याभोवती चिलटं. पूर्वेच्या भिंतीवर ऊन आधी पडतं, तिथे कोळी आणि मुंग्या बाहेर येतात. न्हाणीच्या पाण्याने ओल टिकलेली असते. आमच्याकडे शेतातल्या गोठ्याला, वस्तीला आखाडाच म्हणतात. अशा आखाड्यावर थंडीत सकाळी सात ते नऊ या वेळात अर्धा तास बसा. मी सांगितलेल्या यादीतले चार-पाच पाहुणे तरी दिसतील. तुमच्या आमच्या दृष्टीने जो उकिरडा, ती त्यांची खानावळ.

एवढा वेळ बोललो ते एकेकट्या, बुजऱ्या पाहुण्यांविषयी. पण एक पाहुणा असा आहे, की तो येतो तो वरातच घेऊन. ती म्हणजे भोरडी, म्हणजेच पळसमैना. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर शेंडी. पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात ती वीण उरकते आणि जुलै-ऑगस्टपासूनच भारतात येऊ लागते. थंडीत तिचे हजारोंचे थवे संध्याकाळी झोपायच्या झाडांवर येतात, तेव्हा आभाळात काळं कापड हलवल्यासारखं दिसतं. ज्वारी निसवली, हुरड्यात आली, की भोरड्या उतरल्याच म्हणून समजा. माझ्या पिढीतल्या माणसांनी लहानपणी माळ्यावर उभं राहून, गोफण फिरवून, पत्र्याचे डबे वाजवून त्यांना हाकललं आहे. दिवसभर ‘हाऽऽ हाऽऽ’ करून घसा बसायचा. शेतकऱ्याच्या भाषेत भोरडी म्हणजे चोर.

आता हीच भोरडी तिच्या माहेरी काय करते ते ऐका. तिकडे ती टोळ खाते. जिथे टोळ आणि नाकतोडे जास्त, तिथे ती वसाहत करते आणि पिलांना तेच भरवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांचा उपद्रव आवरायला १९८० च्या दशकात लोकांनी या पक्ष्यांसाठी विटा-दगडांचे ढीग रचून घरटी करायला जागा दिली, आणि त्याचा उपयोगही झाला. म्हणजे एकच पक्षी, तिकडे पाहुणचार आणि इकडे गोफण! आपल्याकडेही ती फक्त दाणे खात नाही. नाकतोडे आणि अळ्या खाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, सावर फुलले की मध प्यायला जाते आणि तोंडाला लागलेले परागकण या फुलावरून त्या फुलावर नेते. मे २०२० मध्ये टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आली, तेव्हा आपण थाळ्या वाजवून आणि औषध फवारून ती हाकलली. भोरड्या तेव्हा आपापल्या मुलखात परत गेल्या होत्या. पण टोळांचा सरकारी हिशेब मांडताना त्यांच्या बाजूने दोन आकडे कुणी तरी लिहायला हवेत, असं मला वाटतं.

ज्वारीवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान खोटं आहे, असं मी म्हणत नाही. ज्याचं अर्धं कणीस रिकामं झालं त्याला पक्ष्याचं कौतुक सांगणं सोपं आहे आणि चुकीचंही. पण अलीकडे काय झालं आहे? मराठवाड्यात ज्वारीचा पेरा घटत गेला. सोयाबीन आलं, हळद वाढली. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी जिथे पोहोचलं तिथे ऊस आणि केळी आली. शेतकऱ्याने चार पैसे मिळतील ते पीक घ्यावं, यात त्याचा दोष नाही. मात्र ज्याने कुणी अजून दोन एकर ज्वारी पेरली आहे, त्याच्यावर सगळ्या शिवारातल्या भोरड्या येऊन पडतात. पूर्वी जे नुकसान शंभर जणांत वाटलं जायचं, ते आता चार जणांच्या माथी बसतं. मग तोही पुढच्या वर्षी ज्वारी पेरत नाही. कडबा मिळत नाही, जनावरं कमी होतात, गोठा जातो, उकिरडा जातो, आणि थिरथिऱ्याची खानावळही बंद होते. बघा, धागा कुठून कुठे जातो!

दुसरा धागा फवारणीचा. किडे खाणारा पक्षी आणि किडे मारणारं औषध यांची गाठ पडणारच. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलं गेलं आणि उत्तर अमेरिकेहून थंडी काढायला आलेले स्वेन्सन जातीचे शिकारी पक्षी हजारोंच्या संख्येने शेतात मरून पडले. विषारी नाकतोडे त्यांनी खाल्ले होते. पाहुणे दुसऱ्याच्या घरी जेवायला आले आणि जेवणातच विष निघालं. भारतातही या औषधावर पुढे बंधनं आली. पण एवढ्या लांब कशाला जायचं? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ज्या औषधाने धडधाकट माणूस कोसळतो, तिथे सात ग्रॅमच्या वटवट्याचं काय! पक्ष्याची काळजी ही शेतकऱ्याच्या काळजीपेक्षा वेगळी नाही. फवारणी गरजेपुरती, मात्रेत, वारा पाहून आणि तोंडाला फडकं बांधून करायची, हा सल्ला दोघांच्याही भल्याचा आहे.

२०२३ साली देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींचा त्यात विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळाचा कल ठरवता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती कमी झाल्याचं दिसलं. किडे खाणारे, माळरानावर राहणारे आणि दूरदेशाहून येणारे पक्षी यांची स्थिती विशेष नाजूक आहे. एक मात्र लक्षात घ्या. हा अहवाल प्रयोगशाळेत बसून तयार झालेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांनी वहीत, मोबाइलमध्ये केलेल्या नोंदी त्यामागे आहेत.

तेव्हा आपण काय करू शकतो? फार मोठं काही नाही. पहिलं, पाणी. उथळ मातीचं ताटलं, मध्ये एक दगड, रोज बदललेलं पाणी. खोल टोपल्यात लहान पक्षी बुडतो. दुसरं, दाणे टाकायचे तर टाका, चिमण्या आणि होले खातील. पण थिरथिरा किंवा माशीमार ते खाणार नाही. त्याला किडे हवेत. त्यासाठी परसाचा एक कोपरा न झाडता सोडा, पालापाचोळा तिथेच कुजू द्या. सगळं अंगण फरशीचं करू नका. एक लिंब, एक पेरू, कुंपणाला मेंदी एवढं पुरतं. तिसरं, संक्रांतीच्या आसपास नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका. त्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी तो विकला जातो आणि तारांवर, झाडांवर अडकून महिनोन् महिने पक्ष्यांचे गळे कापतो.

चौथं, थकलेला पक्षी सापडला तर. दमून भिंतीवर आपटलेला किंवा मांजराच्या तावडीतून सुटलेला पक्षी हातात घेऊन मुलांना दाखवत फिरू नये. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, सुती फडक्यावर, अंधारात आणि शांततेत ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनळीत जातं. तासा-दोन तासांत तरतरी आली तर मोकळ्या जागी खोकं उघडावं. जखम असेल तर वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावं. पिंजऱ्यात मात्र ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि पाहुण्याला कोंडून ठेवणं आपल्या रीतीतही बसत नाही.

पाचवं आणि सर्वांत सोपं, नोंद. शाळेच्या जुन्या वहीची चार पानं पुरेत. थिरथिरा कोणत्या तारखेला आला, शेवटचा कधी दिसला, भोरड्यांचा थवा कधी उतरला. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांचा आणि सालिम अली यांचा, अशा दोन जन्मदिवसांमधला हा आठवडा. चितमपल्ली २०२५ साली गेले; पण पक्ष्यांची गावोगावची नावं गोळा करून त्यांनी ‘पक्षीकोश’ करून ठेवला आहे. तुमच्या आजीला थिरथिऱ्याचं वेगळं नाव ठाऊक असेल तर तेही वहीत लिहा. फेब्रुवारीच्या मध्याला जगभर चार दिवस अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते आणि २०१३ पासून भारतही त्यात आहे. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, दिसेल तो पक्षी लिहायचा. चौथीतलं पोरसुद्धा हे करू शकतं. मराठवाड्यातल्या गावांमधून अशा नोंदी अजून थोड्याच होतात, त्यामुळे आपली एक वही दहा वह्यांच्या मोलाची.

मार्च संपता संपता पाहुणे निघतात. ऊन तापायला लागतं, दिवस मोठा होतो, तिकडे बर्फ वितळून किडे जागे झालेले असतात. जाताना थिरथिरा निरोप घेत नाही. एक दिवस भिंत रिकामी दिसते, एवढंच. तो रिकामेपणा ज्याच्या ध्यानात येतो, त्याला पुढच्या ऑक्टोबरची वाट पाहायचं एक कारण मिळतं. येत्या थंडीत आपल्या परसात कोण आलं, ते जरूर पाहा. आणि तारीख लिहून ठेवा.